मुक्या रोग्याचा वकील



आपल्याकडे जनावरांच्या वैद्याला पूर्वीं सालोत्री म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून मानला गेलेला जो शालिहोत्र, त्याच्या नांवावरून हा शब्द आला. आणि सालोत्र्याचा व्यवहारहि मुख्यतः पागेशींच असे. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, तेव्हांहि ट्राम ओढणारे घोडे, गाडीचे बैल आणि दुभतीं गुरें हाच त्या विद्येचा मोठा आश्रय होता. जनावराची किंमत रुपयांत होई, आणि उपचारावर किती खर्च करावयाचा हें त्या किंमतीवरून ठरे. आज शहरांतील कोणत्याहि वस्तींत सायंकाळीं पशुवैद्याच्या दारावरून जा. बांकावर बसलेल्या मंडळींच्या मांडीवर मांजराची टोपली, पायाशीं कुत्रा, क्वचित् एखाद्या मुलाच्या हातीं सशाची पेटी दिसेल. या रोग्यांची बाजारांतील किंमत पुष्कळदां शून्य असते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिलाला कोण काय देणार? तरी त्याच्या धन्याच्या चेहऱ्यावरची काळजी घरच्या माणसासाठीं असावी तशीच असते.

अशा एका दवाखान्याच्या बांकावर मीं पुष्कळ घटका बसून काढल्या आहेत. तेथें जें ऐकलें व पाहिलें त्यांतीलच कांहीं आज सांगणार आहें. या रोग्यांचें बरेंवाईट डॉक्टरांच्या मेजावर ठरतें असें आपण मानतों. पण माझी समजूत अशी झाली आहे कीं, अर्धाअधिक निकाल घरून निघतांनाच लागलेला असतो. रोग्याला वाचा नाहीं. त्याची हकीकत सांगणारा साक्षीदार त्याचा धनी, आणि त्याची बाजू मांडणारा वकीलहि तोच. साक्षीदारानें कांहीं पाहिलेंच नसेल, तर न्यायाधीश कितीहि शहाणा असून काय उपयोग?

एके दिवशीं एक कुटुंब आपला बोका घेऊन आलें. "चार दिवस शौचाला होत नाही," गृहस्थ म्हणाले. "चार कुठले? दोनच," बाई म्हणाल्या. "काल त्यानं दूध प्यायलं की," मुलीनें सांगितलें. एरंडेलाचे दोन चमचे आधींच पोटांत गेले होते. डॉक्टरांनीं बोक्याच्या पोटाला हात लावला आणि एवढेंच विचारलें, "याची रेतीची पाटी कोण साफ करतं?" तिघांनीं एकमेकांकडे पाहिलें. पाटी साफ करीत घरकामाच्या मावशी. त्यांना तेथूनच फोन लावला, तेव्हां पलीकडून उत्तर आलें, "काल सकाळपासून रेती कोरडीच आहे. मला वाटलं, बाहेर जाऊन येत असेल."

हाताला जें लागलें होतें त्याला एवढ्या साक्षीनें पुष्टि मिळाली आणि किती वेळ हातचा गेला तेंहि कळलें. बोक्याचा मूत्रमार्ग टोंकाशीं फार अरुंद असतो. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचें बूच त्यांत बसलें कीं लघवी अडते. बोका पाटींत बसून कुंथतो, आणि पाहणाराला वाटतें कीं बद्धकोष्ठ झालें. तोंवर मूत्राशय फुगून टणक होतो, मूत्रपिंडांनीं जी घाण बाहेर टाकावयाची ती रक्तांत सांठूं लागते, आणि रक्तांतील पोटॅशियम इतकें वाढतें कीं हृदयाचे ठोके मंदावत जाऊन तें बंदहि पडतें. लघवी पूर्ण अडलेला बोका दोनतीन दिवसांत दगावूं शकतो. या बोक्याला गुंगी देऊन बारीक नळी घातली, शिरेंतून सलाइन दिलें, आणि तीन दिवसांनीं तो घरीं गेला. त्याच महिन्यांत आलेला दुसरा एक बोका मात्र घरीं परतला नाहीं. त्याच्या घरीं एरंडेल एक दिवस जास्त चाललें होतें.

बांकावर बसलें कीं एक कुजबुज नेहमीं कानांवर येते. "रक्त तपासा, फोटो काढा, सोनोग्राफी करा! हें सारें पैसे काढण्याचें तंत्र आहे." ही तक्रार अगदींच निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं, नडलेल्या माणसाच्या खिशाकडे पाहणारे लोक प्रत्येक धंद्यांत असतात. खर्चाचा अंदाज आधीं विचारावा, आणि या तपासणीच्या निकालानें उपचारांत फरक काय पडेल हेंहि विचारावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु मनुष्य "उजव्या कुशींत कळ येते" असें सांगतो, आणि त्या एका वाक्यानें डॉक्टरांचें निम्में काम होतें. मांजराचें याच्या उलट असतें. दुबळेपणा दिसला कीं शत्रु साधतो हें त्याच्या जातीला ठाऊक आहे, म्हणून दुखणें आलें कीं तें कपाटाखालीं जाऊन गप्प बसतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आज किती शहाण्यासारखं बसलं आहे!" कुत्र्याला गोचिडींमुळें ताप येतो, त्या तापाचे जंतु रक्तपेशींचा नाश करतात. वरून दिसतें तें एवढेंच कीं कुत्रा मलूल आहे. त्याचा ओंठ उचलून हिरड्या पाहिल्या तर त्या गुलाबीच्या पांढुरक्या झालेल्या आढळतात. पण खात्री करावयाची ती रक्ताचा थेंब कांचेवर पसरूनच. जें तोंड सांगत नाहीं तें रक्ताला विचारावें लागतें.

आतां घरच्या औषधांच्या डब्याविषयीं. आपल्या घरांतून तापाची परीक्षा नाकाला हात लावून करण्याची चाल आहे. नाक ओलें व थंड तर प्रकृति चांगली, कोरडें व गरम तर ताप, असें म्हणतात. पण झोंपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचेंहि नाक कोरडें असतें. शिवाय कुत्र्याचें स्वाभाविक उष्णमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. आपल्या हाताला तो सदैव तापलेलाच वाटणार! या तापाच्या समजुतीपुढें पॅरासिटामोलची गोळी येते, आणि येथें मी अत्यंत गंभीरपणें सांगतों कीं, मांजराच्या बाबतींत ही गोळी म्हणजे विष आहे. मनुष्याचें यकृत ज्या क्रियेनें हें औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकतें, ती क्रिया मांजराच्या यकृताला नीट साधत नाहीं. औषधाचे विषारी अवशेष रक्तांतील तांबड्या पेशींवर हल्ला करतात, त्या पेशींना प्राणवायु वाहतां येईनासा होतो, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलो वजनाच्या मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. गोळी गेल्याचें तत्काळ कळलें तर उतारा देतां येतो. म्हणून घरांत कोणी मायेनें अशी गोळी दिली असेल, तर लाजून लपवूं नये, गोळ्यांचें पाकीटच डॉक्टरांपुढें ठेवावें. लाडानें भरविलेल्या घासांचेंहि तसेंच. कांद्यानें कुत्र्यामांजरांच्या रक्तपेशी फुटतात, आणि शिऱ्यांतील बेदाण्यानें कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचीं उदाहरणें आहेत.

पिलांच्या लशीबद्दल थोडें. "एकदां टोचून आणलं, मग परत का?" असें जो तो विचारतो. पिलाला आईच्या चिकांतून कांहीं प्रतिकारशक्ति मिळते. ती असेतोंवर लस लागू पडत नाहीं, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यांत ओसरते हें प्रत्येक पिलागणिक निराळें. म्हणून सहासात आठवड्यांपासून चौथा महिना पुरा होईपर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां टोचावें लागतें. १९७८ च्या सुमारास जगाला परिचित झालेला पार्व्हो हा रक्तातिसार या मधल्या फटींतच पिलें उचलून नेतो.

याहूनहि ज्याची भीति बाळगावी असा प्रसंग मीं त्याच बांकावरून पाहिला. एक गृहस्थ आपला कुत्रा घेऊन आले व म्हणाले, "यानं माझ्या मुलाला चावा घेतला. हा पिसाळला आहे का, तेवढं सांगा." मुलगा दाराशीं बोटाला रुमाल गुंडाळून उभा होता. कुत्र्याला वर्षभर लस नव्हती. डॉक्टरांनीं कुत्र्याकडे न पाहतां मुलाला नळाखालीं नेलें, वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवविली आणि सांगितलें, "कुत्रा इथं राहू द्या. मुलाला आत्ता मनुष्यांच्या रुग्णालयांत न्या."

गृहस्थांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचा क्रम चुकला होता. चावलेला कुत्रा वा मांजर दहा दिवस जिवंत व निरोगी राहिलें, तर चावण्याच्या वेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता हें खरें. परंतु तें दहा दिवसांनीं कळतें, आणि टोचून घेण्यासाठीं तितके दिवस थांबावयाचें नसतें. लक्षणें दिसूं लागल्यावर अलर्कावर उपाय जवळजवळ नाहींच. टोचण्यांची जी धास्ती अजून घरोघर आहे ती जुन्या लशीची. १८८५ सालीं पाश्चर यांनीं चावलेल्या मुलावर पहिला प्रयोग केला. पुढें १९११ च्या सुमारास कसौली येथें सेंपल यांनीं केलेली, जनावराच्या मेंदूपासून तयार होणारी लस आपल्या देशांत दीर्घ काळ चालली, आणि पोटावरच्या त्या चौदा टोचण्या आपल्या आजोबांच्या आठवणींत राहिल्या. ती लस २००५ पर्यंत आपल्याकडे बंद झाली. आतांची लस दंडावर, चार किंवा पांच वेळां देतात; रक्त आलें असेल तर जखमेभोंवतीं तयार प्रतिद्रव्याचें इंजेक्शनहि देतात. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची मात्र भरूं नये. हें सारें मीं येथें एवढ्याचसाठीं सांगितलें कीं, पुष्कळ कुटुंबें या प्रसंगीं आधीं कुत्र्याचा दवाखाना गांठतात.

दवाखान्यांत जातांना काय न्यावें, असें मला कोणी विचारलें तर मी कागदाचा चिटोरा सांगेन. केव्हांपासून, किती वेळां, काय खाल्लें, पाटी ओली कीं कोरडी, एवढें त्यावर लिहिलेलें असावें. झटका आलेला कुत्रा मेजावर चढेपर्यंत नेहमींसारखा होतो; तेव्हां घरीं मोबाइलवर टिपलेलें अर्ध्या मिनिटाचें चित्र दहा वाक्यांपेक्षां अधिक बोलतें. आणि टोचणारा माणूस नोंदलेला पशुवैद्य आहे ना हें अवश्य विचारावें. १९८४ च्या कायद्यानें ही नोंदणी आली आहे, आणि जनावरांच्या खाद्याच्या दुकानांतला पोऱ्या तींत येत नाहीं.

एक पेन्शनर गृहस्थ त्या दवाखान्यांत चौदा वर्षांच्या कुत्रीला घेऊन येत. तिचीं मूत्रपिंडें थकलीं होतीं, आणि तें दुखणें बरें होण्यासारखें नव्हतें. वेदनारहित मरण द्यावें कीं नाहीं, आणि द्यावयाचें तर केव्हां, हें त्यांनीं डॉक्टरांना विचारलें. डॉक्टर म्हणाले, "तें मला इथं पंधरा मिनिटांत दिसणार नाही. घरीं कॅलेंडर आहे ना? जेवली, शेपटी हलवली, दारापर्यंत चालली, तर त्या दिवशीं टिंब करा; नाहीतर फुली." गृहस्थ दर आठवड्याला येऊं लागले. पुढें एकदां ते आले तेव्हां एका हातानें कुत्रीला छातीशीं धरलें होतें आणि दुसऱ्या हातांत भिंतीवरचें कॅलेंडर गुंडाळलेलें होतें. डॉक्टरांनीं आधीं कॅलेंडर उलगडलें, त्या महिन्यावरून बोट फिरविलें, आणि मग गृहस्थांना बसण्यासाठीं खुर्ची पुढें केली.