‘गंजरोधक’ ही संज्ञा : पोलादाचे संक्षारण आणि त्याचे मंदन

जव्हारजवळील शिरपामाळ हे स्थान शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या सुरत-मोहिमेशी निगडित आहे. मोहिमेच्या वाटेवर महाराजांचा येथे मुक्काम झाला, जव्हारच्या राजाने शिरपेच देऊन त्यांचा गौरव केला आणि त्यावरून माळास हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगते. अशा उघड्या माळावर मृगाच्या पावसात लोखंडाचा खिळा टाकून ठेवला, तर थोड्याच दिवसांत तो तांबूस दिसू लागतो. पाहणारा सहज म्हणतो, ‘खिळ्यावर गंज चढला.’ या साध्या वाक्यात एक गैरसमज दडलेला आहे आणि तोच पुढे शास्त्रीय परिभाषेतही उतरला आहे.

मराठीत भांड्यावर कल्हई चढते, दागिन्यावर सोन्याचे पाणी चढते. म्हणजे जे चढते ते बाहेरून येते व मूळ वस्तू आत तशीच राहते. गंज तसा नव्हे. गंज म्हणजे स्वतः लोखंडच, प्राणवायू व पाणी यांच्याशी संयोग पावून रूपांतर झालेले. म्हणून ‘गंजाने लोखंड खाल्ले’ हा वाक्प्रयोग वस्तुस्थितीला अधिक जवळचा होय. ‘संक्षारण’ या संज्ञेतही झिजण्याचा हाच अर्थ अभिप्रेत आहे.

ही झीज विद्युत्-रासायनिक आहे, हा विचार व्हिटनी याने १९०३ मध्ये स्पष्टपणे मांडला. पुढे केंब्रिज येथील इव्हान्स याने पोलादाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून तो प्रत्यक्ष दाखविला. थेंबाच्या कडेला प्राणवायू मुबलक पोहोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. मध्यभागी लोखंडाचे अणू विद्युत्कण मागे सोडून पाण्यात उतरतात. ते विद्युत्कण धातूतून कडेकडे जातात आणि तेथे प्राणवायू व पाणी ते स्वीकारतात. पहिले स्थान अॅनोड, दुसरे कॅथोड. गंज या दोहोंच्या दरम्यान साचतो. झीज एका ठिकाणी होते व गंज दुसऱ्या ठिकाणी दिसतो, ही गोष्ट विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावी. येथे ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ हे प्रतिशब्द टाळलेले बरे. कारण आपोआप चालणाऱ्या विद्युत्-घटात अॅनोड हाच ऋण ध्रुव असतो.

झिजेचा हा वेग कमी करणाऱ्या द्रव्यांचा शोध जुना आहे. पत्र्यावरील गंज काढण्यासाठी तो आम्लात धुतात. त्या वेळी आम्लाने गंजाबरोबर चांगले पोलादही विरघळते. ते वाचविण्यासाठी आम्लात मळी व वनस्पतितेले मिसळण्याची युक्ती १८९५ च्या एका ब्रिटिश पेटंटात नमूद आहे. अशा द्रव्यांचे रेणू धातूच्या पृष्ठास चिकटून राहतात आणि आम्लाचा स्पर्श कमी करतात. क्रोमेट व नायट्राइट यांचे कार्य निराळे आहे. ती अॅनोडच्या जागी अत्यंत पातळ असा ऑक्साइडचा पापुद्रा टिकवितात. जस्ताचे क्षार कॅथोडची क्रिया मंदावतात. क्रोमेट अत्यंत परिणामकारक असले, तरी ते कर्ककारक असल्याने त्याचा वापर आता बराच आटला आहे.

अॅनोडवर कार्य करणाऱ्या द्रव्यांचा एक धोका मात्र विसरता येत नाही. मात्रा अपुरी पडली तर पृष्ठाचा बहुतेक भाग सुरक्षित होतो, पण थोडे बिंदू उघडे राहतात. उरलेल्या सर्व पृष्ठाची कॅथोड-क्रिया मग त्या बिंदूंवर एकवटते व तेथे खोल छिद्रे पडतात. एकंदर झीज कमी, परंतु नाश अधिक, अशी ही स्थिती होय.

शिरपामाळावर पडणारे पावसाचे पाणी गोडे असते. किनाऱ्यावर त्यात लवणाची भर पडते. पणजी येथील मांडवी नदीवरील, १९७० च्या सुमारास बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारांचे संक्षारण हे त्याचे कारण मानले जाते. काँक्रीटच्या अल्कधर्मी द्रवात पोलाद एरव्ही सुरक्षित असते. क्लोराइड आत झिरपले की तो संरक्षक पापुद्रा फुटतो. यावर उपाय म्हणून काँक्रीट कालवतानाच त्यात कॅल्शियम नायट्राइट मिसळण्याची पद्धत आहे. तथापि नायट्राइट किती, यापेक्षा क्लोराइडच्या प्रमाणात ते किती, हा प्रश्न निर्णायक ठरतो. क्लोराइड वाढत गेले की पूर्वी पुरेशी असलेली मात्रा अपुरी होते.

अलीकडे वनस्पतिजन्य द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली असता काळा रंग होतो, हे रंगाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. हिरड्यातील टॅनिन व लोह यांचा तो संयोग. ऐन व बाभूळ यांच्या सालीतही टॅनिन असते. गंजलेल्या पृष्ठावर टॅनिनचा द्रव लावला असता गंजाचे याच काळ्या संयुगात रूपांतर होते. पण त्यावर रंगाचा थर द्यावाच लागतो.

या सर्व विवेचनावरून ‘गंजरोधक’ या शब्दातील उणीव स्पष्ट होते. रोध म्हणजे अडविणे. या द्रव्यांनी संक्षारण मंदावते, बहुधा थांबत नाही. आय. एस. ओ. ८०४४ या आंतरराष्ट्रीय मानकातील व्याख्याही योग्य प्रमाणात असता संक्षारणाचा वेग घटविणारे द्रव्य, असेच म्हणते. वेग व प्रमाण या दोन्ही कल्पना ‘रोधक’ शब्दात लोपतात. ‘संक्षारण-मंदक’ ही संज्ञा निदान वेगाची जाणीव राखते. ‘रोधक घातला आहे’ असे म्हणणारा निर्धास्त होतो. ‘मंदक घातला आहे’ असे म्हणणाऱ्यास किती घातला व तो कोठवर पुरेल, हे विचारणे भाग पडते. पोलादाच्या बाबतीत हा प्रश्न वेळीच विचारला जाणे अगत्याचे आहे.