रक्तातला बहुरूपी

मराठी शिकवणाऱ्या माणसाने गुरांच्या रोगावर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण या रोगाकडे मी गेलो तो शब्दकोशाच्या वाटेने. घोडे, उंट, गाई-म्हशी यांना होणाऱ्या एका ज्वराला इंग्रजीत 'सर्रा' म्हणतात, आणि हा शब्द मराठी 'सूर' यावरून आला असे काही इंग्रजी कोशकार सांगतात. गाण्यातला सूर नव्हे. नाकपुड्यांतून आत-बाहेर होणारा श्वास तो हा सूर. दुसरे पंडित म्हणतात, छे, हा तर हिंदी 'सडना'चा वंशज! मी आपला मराठीच्या बाजूचा.

१८८० साली त्या वेळच्या पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याने आजारी घोड्यांचे व उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तो रक्तपेशींच्या गर्दीत चाबकाच्या वादीसारखे वळवळणारे जीव त्याला दिसले. रोगाचे मूळ हेच, असे तो म्हणाला. वरिष्ठांना ते पटले नाही. पुढे जंतूला नाव मात्र त्याचेच मिळाले : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. आफ्रिकेतील निद्रारोगाचे जंतू याचे सख्खे चुलतभाऊ. त्यांना त्सेत्से माशीच्या पोटात वाढावे लागते; हा त्या माशीवाचून संसार करायला शिकला. घोडमाशी एका जनावराला चावून लगेच दुसऱ्यावर बसते, आणि तिच्या सोंडेवरच्या ओल्या रक्तातून हा पुढे सरकतो.

बहुतेक जंतू शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपू पाहतात. हा उघड्या रक्तात पोहतो आणि तरी टिकतो, याचे रहस्य त्याच्या अंगरख्यात आहे. एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे राहून हा अंगरखा होतो. जनावराचे शरीर तो ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, जंतू पटापट मरतात, ताप उतरतो. मालकाला वाटते, सुटलो. पण त्या झुंडीतल्या मूठभरांनी अंगरखा आधीच बदललेला असतो. जुनी प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. पुन्हा झुंड, पुन्हा ताप, पुन्हा नवी प्रतिपिंडे. आफ्रिकेतल्या भावंडाजवळ अशा अंगरख्यांचे हजारांहून अधिक नमुने असतात. त्यांतले बरेच फाटके. पण आपल्या आज्या जशी गोधडी शिवत, तसे तुकड्याला तुकडा जोडून नवा नमुना होतो. शिवाय अंगाला चिकटलेली थोडीफार प्रतिपिंडे पोहण्याच्या ओघातच मागे ढकलायची आणि शेपटाकडच्या खळग्यातून गिळून टाकायची, हीही कला त्याला साधली आहे!

या लढाईत जनावर झिजते. खवळलेल्या भक्षकपेशी स्वतःच्याच तांबड्या पेशी खाऊ लागतात. रक्त फिके पडते. घोडा बहुधा दगावतो. म्हैस कित्येकदा वरून धडधाकट दिसते, पण दूध आटते, गाभ पडतो. पश्चिम आफ्रिकेतील न्दामा जातीची गुरे मात्र याचे आफ्रिकेतले भाऊबंद जंतू अंगावर वागवून चरत राहतात. ती जंतूंची संख्या आवाक्यात ठेवतात आणि आपले रक्तही फारसे उणे होऊ देत नाहीत.

आणि माणूस? आपल्या रक्तात एपोलायपोप्रोटीन एल-१ नावाचे प्रथिन असते. जंतू ते गिळतो, ते त्याच्या पोटातल्या पिशवीला भोके पाडते, आणि तो फुगून मरतो. इतक्या पिढ्या गोठ्याशेजारी झोपून आपण सुरक्षित राहिलो ते याच्या कृपेने. २००४ साली मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला चढउताराचा ताप जडला आणि रक्तात सापडला तो गुरांचा जंतू! माणसाला हा रोग झाल्याची ही पहिली सिद्ध झालेली घटना. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्याच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी झाली. पुष्कळांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे जंतूशी गाठ पडल्याची खूण होती. पण ज्यांच्यात ती भरपूर होती त्यांच्या रक्तात शोधूनही जंतू मिळाला नाही. मग यालाच का? उत्तर २००६ साली मिळाले. त्या प्रथिनाचा आराखडा आईकडून आलेला एक आणि बापाकडून आलेला एक, असे दोन्ही त्याच्यात बिघडलेले होते. बाहेर तयार केलेले तेच प्रथिन प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात मिसळताच जंतू मरू लागले.

कोडे सुटले असे शास्त्रज्ञांना वाटले. पण २०१५ साली व्हिएतनाममधील एका स्त्रीच्या रक्तात हाच जंतू निघाला. गोमांस कापताना तिला तो लागला असावा, असा तर्क आहे. तिचे प्रथिन तपासले. ते अगदी शाबूत होते.