स्वस्त पोर्शे, महाग बेअरिंग

युरोप-अमेरिकेत जुनी पोर्शे ९११ हवी, पण खिसा आखडता, अशांची नजर हटकून ‘९९६’ मॉडेलवर जाते. १९९७ साली आलेली ही पाण्याने थंड होणारी पहिली ९११. गोल हेडलाइट जाऊन ओघळलेल्या अंड्यासारखे दिवे आले, ते पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्सस्टरसारखे. भक्त रुसले आणि किंमत पडली. त्यांचा रुसवा खरेदीदाराच्या पथ्यावर!

खरी धास्ती इंजिनाच्या पोटात. क्रँकशाफ्टची फिरकी कॅमशाफ्टकडे पोचवणाऱ्या मधल्या शाफ्टच्या टोकाला एक छोटे बेअरिंग असते. ते फुटले की टायमिंग चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा केला, तो २०१३ मध्ये तडजोडीने मिटला. सगळ्याच गाड्यांत ते फुटत नाही, पण फुटण्याआधी फारसा इशाराही मिळत नाही. म्हणून ऑइल फिल्टर कापून धातूचा चुरा दिसतो का, ते पाहावे. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लचच्या कामातच ते उरकून घेणे शहाणपणाचे. आधीच्या मालकाने बदलले असेल, तर बिल मागा. तोंडी हवाल्यावर जाऊ नका. ९९६च्याच टर्बो आणि जीटी३ या आवृत्त्यांची इंजिने वेगळ्या घराण्यातली, त्यांना हे दुखणे नाही. भाव मात्र चढा.

बदल्यात मिळते काय? ९९६च्या सुरुवातीच्या कॅरेरा आवृत्तीत ३.४ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरी इंजिन, आणि रस्त्याची खडीसुद्धा तळहातापर्यंत पोचवणारे हायड्रॉलिक स्टिअरिंग. नव्या ९११मध्ये ते विजेवर चालते.