चांदीपुरा : तापाला मिळालेलं गावाचं नाव

१९६५ साली नागपूर भागातल्या चांदीपुरा गावी तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. गावाने काय पाप केलं होतं, कोण जाणे! पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच विषाणूने मुलांचा मेंदू गाठला : ३२९ आजारी, १८३ मृत्यू. सकाळी खेळणारं मूल तापाने फणफणतं, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. अनेकदा ४८ तासांत सारं संपतं. त्यावर औषध नाही, लसही नाही. विषाणू वाहून नेणारी सॅण्डफ्लाय, डासाहूनही लहान माशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत लपते. म्हणूनच हा आजार मुख्यतः कच्च्या घरांतल्या मुलांना गाठतो. २०२४ मध्ये गुजरातेत साथ आली, तेव्हाही आरोग्य कर्मचारी अशाच भिंतींवर मॅलॅथिऑनची भुकटी मारत होते.