देवळाविना भरणारा बाजार

नेदरलँड्समधल्या लिसे इथे, क्युकेनहॉफच्या प्रसिद्ध ट्यूलिप बागेशेजारी, गढीच्या आवारात २००५पासून कॅसलफेस्ट भरतो. मुख्य उत्सव ऑगस्टच्या सुरुवातीला, जुन्या केल्टिक सुगीच्या सणाच्या सुमारास. लॅटेक्सचे टोकदार कान लावलेले हौशी एल्फ आणि निसर्गदेवतांना मनापासून मानणारे पेगन इथे एकाच गर्दीत मधाची दारू पितात, शनिवारी रात्री वेताचा भलामोठा पुतळा पेटवतात. दिवसभर मात्र चालते ती खरेदी. निसर्गपूजेच्या नावाखाली दुकानदारी, असं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. मला उलट वाटतं. जेराल्ड गार्डनरने विक्का हा पेगन पंथ पुस्तकातून जगापुढे मांडला तो १९५४ साली. त्याला ना ठरलेलं देऊळ, ना सर्वांना बांधणारं पीठ. आजीकडून आलेली पूजेची उपकरणी तर बहुतेकांकडे नाहीतच. घरच्या वेदीवर काय ठेवायचं हे पाहून, हाताळून, चार जणांना विचारून ठरतं ते या बाजारात. जत्रेतली दुकानं उठवली तर जत्रेचं जे होईल, तेच इथे होईल.

गिऱ्हाइकाची नजर पाहिली की हे पटतं. अथेमे ही काळ्या मुठीची, दुधारी, विधीची सुरी. तिने सहसा काही कापत नाहीत, वर्तुळ आखतात. त्यामुळे धारेला महत्त्व नाही, मूठ तळव्यात बसते का ते पाहायचं. तिच्या किमतीत घासाघीस करू नये असाही संकेत आहे (विक्रेत्यांना तो प्रिय असणारच). शिंगाच्या पेल्यात आधी बोट फिरवायचं. आतला मेणाचा किंवा वार्निशचा थर उडाला असेल तर शिंग वास मारतं, आणि मेणाचा थर असलेल्या पेल्यात गरम काही ओतायची सोय नाही. शिवाय त्याला बूड नाही. टेबलावर ठेवता येत नाही म्हणून कमरेचा चामडी पट्टाही घ्यावा लागतो. शोभेसाठी नेणारा एवढी चौकशी करत नाही.

वेषांतराच्या धांदलीत श्रद्धेचं गांभीर्य उरत नाही, हा दुसरा आक्षेप. पण विक्का जिथे जन्मला त्या ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१पर्यंत अस्तित्वात होता, आणि कुचेष्टा कायद्याबरोबर रद्द होत नाही. उत्सवात सगळेच सोंगात असताना गळ्यात पंचकोनी तारा घातलेल्याला कोणी जाब विचारत नाही. नवख्याला एवढा आडोसा पुरतो.

स्फटिकांच्या गाळ्यावर मात्र टीका जड पडते. पृथ्वीला माता म्हणणाऱ्यांनी विकत घेतलेला दगड कुठून खणला? ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे जगभर विकले जाणारे देखणे नमुने जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांतून येतात. खडीसाठी सुरुंग लावला किंवा विहीर खणली की हाती लागतात. अशा दगडाच्या चिठ्ठीवर मनःशांतीची हमी असते, फार तर देशाचं नाव. खाणीचा आणि मजुराचा उल्लेख शोधूनही मिळणं अवघड. शिंगात बोट घालून पाहणारं गिऱ्हाईक इथे गप्प का बसतं, याचं समर्थन माझ्याकडे नाही. बाजारात निदान विकणारा समोर उभा असतो. जळगावचा की नाशिकचा, एवढं तरी त्याला विचारता येतं.