कर्ण्याचा स्वतःचा आवाज

देवळांतील घंटा वाजवून तिच्या कडेला लागलींच बोट लावलें, तर तिचा नाद क्षणांत विरतो. घरीं ध्वनिक्षेपकाचा कर्णा तयार करणारास ज्या दोषाचा सर्वांत अधिक उपद्रव होतो, त्याचें मर्म या लहानशा प्रयोगांत आहे.

कर्ण्याचें काम वस्तुतः साधें. ध्वनिक्षेपकाचा पडदा लहान. त्याची पुष्कळशी हालचाल मोकळ्या हवेंत वायां जाते. क्रमाक्रमानें रुंदावणारी नळी पुढें जोडली, म्हणजे पडद्याची हवेवर पकड बसते व थोडक्या विद्युच्छक्तींत मोठा आवाज निघतो. पण नळींतील हवेबरोबर नळीच्या भिंतीहि हलूं लागतात. भिंत जस्ताच्या पातळ पत्र्याची असेल, तर ती घंटेप्रमाणें आपला ठरलेला सूर काढते. गवयानें स्वर सोडला तरी कर्णा तो सोडीत नाहीं. वक्त्याचीं व्यंजनें एकमेकांत कालवलीं जातात.

पत्रा जाड घेतला कीं हा दोष जातो, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. वजनानें कंपन लहान होतें, ताठपणानें त्याचा सूर वर चढतो. थांबत मात्र तें नाहीं. (घंटा कांहीं पातळ नसते!) कंपनाची शक्ति उष्णतेंत जिरवणारा पदार्थ भिंतीला चिकटून असावा लागतो. लंडनच्या 'ई. एम. जी.' या संस्थेनें १९३० नंतरच्या दशकांत हातानें बनविलेल्या ग्रामोफोनांचे प्रचंड कर्णे धातूचे नव्हते, कागदाच्या लगद्याचे होते.

घरींहि हें साधतें. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळींत भिजवून पत्र्याच्या बाहेरच्या अंगावर सात-आठ थर चढवावे, प्रत्येक थर वाळूं द्यावा. खळींत किंचित् मोरचूद अवश्य घालावा, नाहीं तर झुरळें कर्णा फस्त करतील. डांबराचा थर व त्यावर दुसरा पत्रा ही जोडी याहून गुणकारी. दोन पत्र्यांत सांपडलेलें डांबर प्रत्येक कंपनासरशी ताणलें जातें व त्या ताणांतच शक्ति खर्ची पडते. लांकडी कर्णा असल्यास फळी दुहेरी करून मधल्या पोकळींत कोरडी वाळू भरावी. यॉर्कशायरमधील गिल्बर्ट ब्रिग्ज यांच्या व्हार्फडेल कारखान्यानें १९५० नंतरच्या दशकांत ध्वनिक्षेपकाच्या फळ्यांत हीच युक्ति योजिली होती.

यांतलें कांहींहि कर्ण्याच्या आंत लावावयाचें नाहीं. आंत कापूस भरणारे गृहस्थ कंपनाबरोबर गाणेंहि गमावतात. आंतील अंग गुळगुळीत व कठीणच हवें.

दोष भिंतीचाच आहे काय, हें मात्र आधीं पाहावें. कर्णा वाजत असतां त्यावर तळहात टेकावा. आवाज निवळला तर भिंत दोषी. न निवळल्यास कर्ण्याचें तोंड लहान पडून ध्वनिलहरी तेथून माघारी फिरत असण्याचा संभव आहे. सेकंदास १०० कंपनांचा स्वर घ्या. त्याची लहर सुमारें ३.४ मीटर, तोंडाचा परीघ साधारण तितका, म्हणजे व्यास सुमारें १.१ मीटर हवा. तेथें डांबराचे कितीहि थर व्यर्थ.

काम चालू असतां मधून मधून बोटाच्या पेरानें भिंत ठोकीत जावें. 'टण्ण' जाऊन त्या जागीं 'ठक्' असा आंखूड आवाज आला, म्हणजे आणखी थराचें कारण उरलें नाहीं.