जुनं घर – भाग 9 : फरशीखालची गोधडी

जानेवारीतल्या सकाळी बाथरूममध्ये अनवाणी पाऊल टाकलं की ‘आई गं’ आपोआप निघतं. इंग्लंडात इतकी वर्षं काढूनही ते बदललेलं नाही. दोष फरशीला देतो आपण. पण एक सुटी फरशी आणि एक लाकडी फळी रात्रभर एकाच खोलीत ठेवून बघा, सकाळी थर्मामीटर दोन्हींचं तापमान सारखंच दाखवेल. फरशी जास्त गार लागते, कारण तळव्याची ऊब ती झपाट्याने ओढून घेते. आता ही ऊब पुढे जाते कुठे, ते पाहायचं तर फरशीखालची फळी उचकटावी लागते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे 1901 च्या आधीची, इथली कामगारांची एकाला एक चिकटलेली घरं बांधली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत बाथरूम नव्हतंच. संडास परसात. पुढे कुणीतरी मागच्या बाजूला पडवी वाढवून न्हाणी बसवली. आमचीही तशीच: तीन बाजूंना बाहेरच्या भिंती, आणि खाली वाड्यातल्या कडीपाटासारखी रचना. कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांखाली हातभर पोकळी. भिंतीच्या पायथ्याशी भोकांच्या विटा असतात, त्यांतून वारा शिरतो आणि पलीकडून निघून जातो. हिवाळ्यात हाच वारा फळ्यांच्या खालून फिरत असतो.

मग त्या विटाच बुजवल्या तर? आमच्या आधीच्या घरमालकांनी तेच केलं होतं, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. बेसिनजवळची फळी काढून मी कडीला पेचकस टोचला, तर तो पिकल्या चिकूत शिरावा तसा आत गेला. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं, आणि ती ओल वाळवत होता तो हाच वारा. पांघरूण जमिनीला घालायचं, नाक दाबायचं नाही.

कुजलेली कडी बदलली. मग कड्यांवरून नायलॉनची जाळी झोळीसारखी सोडली आणि तिच्यात खनिज लोकरीचा 100 मिलिमीटरचा थर ठेवला. (फोमची पाटी वापरली तर साधारण 60 मिलिमीटरमध्ये तेवढंच काम होतं, पण जुन्या घरात दोन कड्यांमधलं अंतर कुठेच सारखं नसतं; पाटी कापता कापता जीव जातो.) लोकर दाबून भरू नये. गोधडीसारखंच आहे: ऊब धरते ती आत अडकलेली हवा. खालून प्लास्टिकचा कागद तर मुळीच लावू नये. वरून झिरपलेली वाफ त्या गार कागदावर पाणी होऊन बसते आणि गोधडी भिजते. पाइपांभोवतीच्या फटी मात्र नीट बंद कराव्यात, कारण बाथरूमची दमट हवा तिथूनच खाली उतरते.

खाली पोकळी नसून काँक्रीट असेल, तर सिमेंटचा लेप असलेली 10 मिलिमीटरची फोमपाटी चिकटवून वर फरशी बसवतात. जमीन उचलली जाते, दार खालून तासावं लागतं. विजेची तापती जाळी घालणार असाल तर ही पाटी हवीच. नाहीतर बिल आधी काँक्रीट तापवण्याचं येतं.

पहिल्या हिवाळ्यात जमीन सुसह्य झाली. आणि एका पहाटे बेसिनचा नळ मुका. घरातली जी ऊब आधी खाली गळत होती तिच्यावरच फळ्यांखालचा पाइप न गोठता तरला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाइपाला फोमची नळी चढवायला बेसिनजवळची जमीन पुन्हा उचकटली.